पुन्हा ऐकण्यासाठी दोन दाबा

“हे ऐकून तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही,” भोंगाकाका सलूनच्या बाकावर ऐसपैस बसत म्हणाले, “पण भर स्पर्धेत मी यंत्र झालो होतो. आणि पहिलं बक्षीस मिळवून दिलं!”

सलूनवाला फेस घोटत राहिला. भोंगाकाकांची गोष्ट ऐकायला हात थांबवला, तर दिवसभरात एक दाढी पुरी व्हायची नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडावर गरम टॉवेल घेऊन निपचित पडलं होतं.

भोंगाकाकांनी चौतीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. ते निवृत्त झाले, पण आवाज काही झाला नाही. घरात कुणी जेवायला हाक मारली, तरी ते ‘थोड्याच वेळात येत आहे’ असं दोनदा जाहीर करत.

त्यांची पुतणी कॉलेजात होती. शिक्षण सगळ्यांपर्यंत पोचेल अशी तंत्रज्ञानाची कल्पना मांडा, अशी विद्यार्थ्यांची एक स्पर्धा निघाली, आणि तिने चपलांच्या खोक्याएवढा एक डबा तयार केला. इंटरनेट नको, भारी फोन नको. साध्या बटणांच्या फोनवरून नंबर लावायचा, प्रश्न विचारायचा. त्यातला शब्द ओळखून डबा धडा ऐकवणार. जिंकेल त्याची कल्पना डोंगरातल्या पन्नास वाड्यांवर खरोखर राबवणार होते. पोरीने वर्षभर डोळे फोडून काम केलं होतं ते त्या वाड्यांसाठी. धड्यांना आवाज मात्र काकांचा.

“तिने अडीचशे आवाज ऐकले, आणि मग माझा निवडला,” काका म्हणाले.

“घरात आणखी कोण रिकामं होतं?” सलूनवाल्याने विचारलं.

काकांनी ते ऐकलंच नाही.

घोळ झाला तो स्पर्धेच्या सकाळी. सभागृहात टेबलावर ठेवलेला डबा इस्त्रीसारखा तापला आणि मुका झाला. पुतणीने यादी उघडून पाहिली, तर पहाटेपासून त्यावर तीनशे फोन येऊन गेलेले.

“काका, नंबर कुणाला दिलात?”

“कुणाला नाही गं. आपल्या डेपोतल्या लोकांना तेवढा.”

“सगळ्या?”

“रजेवरच्यांना नाही दिला,” काका म्हणाले.

झालं होतं असं, की आपला आवाज आता यंत्रातून येतो, हे काकांच्या पोटात राहिलं नव्हतं. डेपोतले ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक सगळे पहाटेपासून नंबर लावून ‘भोंग्याचा भूगोल’ ऐकत बसले होते. परीक्षक दोन टेबलं सोडून उभे. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तसे काका पुढे सरसावले.

“सिमकार्ड काढ,” ते म्हणाले. “माझ्या फोनात घाल. मी त्या कपाटात बसतो.”

“काका, ही फसवणूक आहे!”

“गाडी बंद पडली, तर दुसरी सोडतात. त्याला कुणी फसवणूक म्हणतं का?”

ती नाही-नाही म्हणेपर्यंत काका नकाशांच्या कपाटात शिरलेसुद्धा. आत खडूची पूड, गुंडाळलेले नकाशे, आणि काकांचे दुखरे गुडघे. बाहेरचं काही दिसत नव्हतं. फोनमध्ये बोललेलं तेवढं ऐकू येत होतं.

फोन वाजला. “अपूर्णांक म्हणजे काय?” एका जाड आवाजाने विचारलं.

“तीन माणसांच्या बाकावर चौथा बसला,” काका घोषणेच्या सुरात म्हणाले, “की प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण जागा येते. त्या पाऊणला अपूर्णांक म्हणतात. चौथ्याला उठवू नये.”

“पृथ्वी सूर्याभोवती किती दिवसांत फिरते?”

“तीनशे पासष्ट दिवसांत. गाडी नियमित वेळेवर धावत आहे.”

इतकं झकास चाललं होतं. तेवढ्यात काकांच्या कानात टुकटुक वाजलं, मधे दुसरा फोन आला. तो तोडायला काकांनी अंधारात बटण दाबलं, ते नेमकं भलतंच. दोन्ही फोन एकमेकांना जोडले गेले, आणि परीक्षकांच्या कानात एक ड्रायव्हर गरजला, “काय रे भोंग्या, गुडघा कसाय?”

पण काकांकडे चौतीस वर्षांचा अनुभव होता.

“आता आपण आरोग्याचा धडा ऐकू या,” ते म्हणाले. “गुडघा हा सांधा आहे. तो बरा आहे. ठेव.”

या गडबडीत खडूची पूड नाकात गेली, आणि कपाट हादरेल अशी शिंक आली.

“गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,” काका घाईघाईने म्हणाले. “पुन्हा ऐकण्यासाठी दोन दाबा.”

हे बोलायला नको होतं. कारण पलीकडून ‘टूं’ असा आवाज आला. परीक्षकाने दोन दाबलं होतं!

आता यंत्र म्हटलं, की जे एकदा वाजलं तेच पुन्हा वाजणार. काकांनी गुडघ्याचा धडा पहिल्यापासून म्हटला. ड्रायव्हरचं वाक्य ड्रायव्हरच्या आवाजात म्हटलं. यंत्र शिंक गाळणार नाही, म्हणून शिंकेच्या जागी शिंकही दिली, तीच, तेवढीच, शेवटी जरा वर जाणारी.

“टूं.”

पुन्हा गुडघा, पुन्हा ड्रायव्हर, पुन्हा शिंक.

“सात वेळा!” काका सलूनच्या बाकावरून उठून उभे राहिले. “सात वेळा त्या बाबाने दोन दाबलं, आणि सातही वेळा शिंक हुबेहूब! पाच तास मी त्या कपाटात. पण परीक्षकांना शेवटपर्यंत संशयसुद्धा आला नाही. बक्षीस देताना काय म्हणाले माहीत आहे? असं जिवंत यंत्र आम्ही पाहिलं नाही!”

“तीनदा,” टॉवेलखालून आवाज आला.

सलूनवाल्याचा ब्रश पहिल्यांदाच थांबला.

“तीनदा दाबलं,” टॉवेल म्हणाला. “आणि पाच तास नव्हे, अर्धा तास.”

काका मटकन खाली बसले. माणसाचा चेहरा ते विसरत, आवाज कधीच नाही. हा जाड आवाज त्यांनी कपाटात ऐकला होता.

गिऱ्हाइकाने टॉवेल बाजूला केला. “तुमच्या पुतणीने पाचव्या मिनिटाला हातात चिठ्ठी ठेवली. ‘डबा तापला आहे. कपाटात माझे काका आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, बाहेर बोलावू का?’ आम्ही डबा पंख्याखाली ठेवायला सांगितला. दुपारी तो निवला आणि झकास चालला. बक्षीस त्याचं आहे, काका. तुमचा पाऊण जागेचा अपूर्णांक तेवढा त्यात घाला, असं आम्ही तिला सांगितलंय.”



“पाचव्या मिनिटाला कळलं होतं,” भोंगाकाका म्हणाले, “तर मग दोन कशाला दाबत होतात?”

“शिंकेसाठी,” गिऱ्हाईक पुन्हा टॉवेल ओढून घेत म्हणालं. “बाकीचे परीक्षक त्या टेबलापाशी उशिरा आले होते. त्यांनाही ऐकायची होती.”