ओठाचा डावा कोपरा

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास बायको घरी परतली, तेव्हा विनोदवीर जेवणाच्या टेबलापुढे उभा राहून एका रिकाम्या खुर्चीला वाकून नमस्कार करत होता. खुर्ची बायकोची होती. तिच्यासमोर वाफाळलेला चहा ठेवलेला होता.

"आलीस? बस," तो म्हणाला. "तासाभराचं आहे. मधे उठायचं नाही."

पर्स मांडीवर ठेवून ती बसली.

एवढ्या नावाजलेल्या माणसाने खुर्चीला नमस्कार का करावा, यामागे अठरा वर्षांचा इतिहास होता. विनोदवीर मुळात विमा कंपनीतला कारकून. ऑफिसच्या स्नेहसंमेलनात साहेबांची नक्कल केली, साहेबांनी बदली केली आणि बदलीच्या गावी करमेना म्हणून त्याने एका छोट्या सभागृहात पहिला कार्यक्रम लावला. प्रेक्षक अकरा. त्यांतले चार जण पंख्याखाली टेकायला आलेले. आता मात्र त्याच्या कार्यक्रमाची तिकिटं निघाली की तासाभरात संपायची. मुलाखत घेणारे यशाचं रहस्य विचारायचे. तो मान किंचित तिरकी करून सांगायचा, "मला प्रेक्षकांची नाडी कळते. कुठे हसतील ते आतून समजतं." हे तो इतक्या ठामपणे सांगे की बोलता बोलता त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसे.

खरी नाडी घरात होती. बायको वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतून जायचं, तराजू तपासायचा, खोटा असेल तर सील ठोकायचं. तिच्यासमोर भले भले व्यापारी घाम पुसत उभे राहत. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने तिला चहाच्या वेळी एक विनोद सांगितला. ती हसली नाही, पण तिच्या ओठाचा डावा कोपरा एकदा ओढला गेला. तोच विनोद त्याने त्या रविवारी सांगितला आणि लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. तेव्हापासून प्रत्येक नवा विनोद आधी चहाच्या टेबलावर तपासून निघायला लागला. कोपरा हलला तर विनोद पास. हातातला कप एकदम खाली ठेवला गेला तर तो विनोद कार्यक्रमाच्या शेवटी. काहीच झालं नाही तर भोपळा. सगळ्याची तारखेनिशी नोंद वहीत. अशा चौदा वह्या झाल्या होत्या आणि त्यांचा पत्ता त्याने बायकोला कधी लागू दिला नव्हता. आपल्यावरून मोजलं जातंय हे कळलं तर माप बिघडेल, अशी त्याला भीती होती.

आजचा दिवस साधा नव्हता. संध्याकाळी चार वाजता त्याच्या नव्या कार्यक्रमाचं चित्रीकरण होतं. दोन वर्षं घासून तयार केलेला, बायकोलाही अजून न ऐकवलेला एक तास. 'सगळं नवंकोरं' असं त्याचं नाव. शहरभर तशी पोस्टरं लागली होती. एकही जुना विनोद ऐकवला तर धंदा सोडीन, असं तो एका मुलाखतीत बोलून बसला होता. सभागृह आणि कॅमेरे याच एका दिवसापुरते मिळाले होते. तेव्हा आज जे होईल ते कायमचं होणार होतं.

आता एक छोटीशी गोष्ट. तीन दिवसांपूर्वी बायकोने फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, 'दाढ. शनिवार, साडेनऊ.' तोंडीही दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा त्याने "हं" म्हटलं होतं. पण त्या घरात चिठ्ठ्यांना तोटा नव्हता. आरशावर 'सासरे आणि छत्री', पंख्याच्या बटणाखाली 'लिफ्टमध्ये शिंक', असे विनोदाचे विषय विनोदवीरच चिकटवून ठेवायचा. फ्रिजवरची चिठ्ठी बघून त्याला वाटलं, हाही आपल्यालाच सुचलेला विषय. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलंय याचं त्याला थोडं कौतुकही वाटलं. दर शनिवारी बरोब्बर साडेनऊला ज्याची दाढ दुखते अशा एका माणसावर त्याने दोन दिवस खपून पाच मिनिटांचा मजकूर बांधला, तो कार्यक्रमात घातला आणि चिठ्ठी फाडून टाकली.

बायको त्या सकाळी एकटीच दंतवैद्याकडे गेली. खालची डावी अक्कलदाढ काढून, अर्धं तोंड बधिर, आत कापसाचा बोळा, अशी परत आली. दोन तास तोंड उघडायचं नाही आणि गरम काही घ्यायचं नाही, असं वैद्याने बजावलं होतं.

विनोदवीराने सुरुवात केली. नजर नेहमीप्रमाणे ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर. बायकोचा बाकीचा चेहरा त्याने अशा वेळी गेल्या अठरा वर्षांत पाहिलाच नव्हता. पहिला विनोद झाला. कोपरा ढिम्म. दुसरा, तिसरा झाला. कोपरा जणू दुसऱ्याच कुणाचा होता. बायकोने गालाकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, चेहऱ्यावर हावभाव आणखी आण म्हणतेय. त्याने आणले. तिने पर्समधून पेन काढलं. त्याने ते काढून घेतलं आणि प्रेक्षक काय लिहून घेत बसतात का, असं विचारलं. दाढेच्या मजकुरावर तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की एखाद्या दुकानदाराने त्या नजरेसमोर आपणहून तराजू खाली ठेवला असता. चहावर साय धरली. कपाला तिचा हातही लागला नाही. चाळिसाव्या मिनिटाला वेदनाशामक गोळीची गुंगी चढली आणि ती मुकाट्याने उठून आतल्या खोलीत निघून गेली.

अठरा वर्षांत ती मधेच कधी उठली नव्हती. विनोदवीर तडक आईकडे गेला. आई बाल्कनीत पेपर वाचत बसली होती. सुनेची दाढ काढून झाली हे तिला माहीत होतं आणि मुलालाही ते माहीत असणार, हे तिने गृहीतच धरलं होतं.

"आज तिच्याशी काही बोलू नकोस रे," आई म्हणाली. "तिला पडू दे. फार सोसलंय बिचारीने."

"इतकं वाईट होतं?"

"मुळापासून," आई म्हणाली. "आधीच काढून टाकायला हवं होतं."

दोन वर्षांची मेहनत आईनेही एका वाक्यात निकालात काढली. तरी शेवटचा उपाय म्हणून त्याने तिला एक विनोद सांगून पाहिला. आई दुसऱ्याच शब्दाला खो-खो हसायला लागली. पण तो दोन वर्षांचा असल्यापासून ती हे करत आली होती, तेव्हा त्याला काही किंमत नव्हती. त्याने चालू वहीत पानापानावर भोपळे काढले, वही कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि व्यवस्थापकाला फोन लावला. आपण सगळा नवा मजकूर रद्द केलाय, जुन्या वह्यांतले कप खाली ठेवायला लावणारे विनोद सांगणार आहोत, हे त्याने शांतपणे सांगितलं. व्यवस्थापक पूर्ण एक मिनिट हसला. हसणं हा त्याच्या नोकरीचा भागच होता. साहेब खरंच बोलतायत हे कळल्यावर त्याने मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"सर, मागे पडद्यावर 'सगळं नवंकोरं' लिहिलंय. दहा फुटी अक्षरं आहेत."

"माझा अंदाज आजवर चुकलाय का?"

अंदाज खरंच कधी चुकला नव्हता.

चार वाजता विनोदवीर नेहमीसारखा ताठ मानेने रंगमंचावर आला. पाठीमागे दहा फुटी अक्षरं होती. पहिला विनोद अकरा वर्षांपूर्वीचा. लोकांना वाटलं, ही मुद्दाम केलेली गंमत आहे आणि ते भरपूर हसले. दुसऱ्याला कमी हसले. तिसऱ्याला चौथ्या रांगेतल्या एका काकांनी शेवटचं वाक्य त्याच्या आधी म्हणून टाकलं. काकांना टाळ्या पडल्या. पुढच्या विनोदाला निम्मं सभागृह पाढे म्हटल्यासारखं त्याच्याबरोबर बोलायला लागलं. कॅमेरे हे सगळं टिपत होते. विनोदवीर हसतमुख होता, पण त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. धंदा सोडीन हे आपलंच वाक्य त्याला आठवत होतं.

इकडे साडेतीनला बायकोला जाग आली होती. बधिरपणा उतरला होता, गाल मात्र लिंबाएवढा सुजला होता. सासूबाईंनी आईस्क्रीम दिलं. रिकामा कप टाकायला ती कचऱ्याच्या डब्याशी गेली आणि तिला वही दिसली. तिने उघडली. 'कोपरा किंचित.' 'कोपरा पूर्ण.' 'कप! आदळूनच ठेवला.' आणि आजच्या तारखेखाली सत्तावीस भोपळे. ती डब्यापाशीच उभी राहून दोन पानं वाचत होती. मग सासूबाईंना हाक मारून तिने एवढंच विचारलं, की हा सभागृहाकडे जाऊन किती वेळ झाला. आयुष्यभर आपण दुसऱ्यांचे खोटे तराजू पकडत हिंडलो आणि सर्वांत मोठा आपल्याच मानेवर निघाला, हे तिच्या एका क्षणात लक्षात आलं. तिने टॅक्सी केली.

बोलणं अजून धड होत नव्हतं. रंगमंचाच्या कडेला उभ्या असलेल्या व्यवस्थापकाच्या हातात तिने चिठ्ठी कोंबली. त्याने सवयीने वाचता वाचता हसून घेतलं, मग थांबला आणि पाण्याच्या ग्लासखाली चिठ्ठी ठेवून ग्लास विनोदवीराला नेऊन दिला.

'सकाळी दाढ काढली. तोंड बधिर होतं. नवं सांग.'

विनोदवीराने ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेत, जिथे ती कधी बसत नसे, तिथे बायको वही पोटाशी धरून बसली होती. आज पहिल्यांदाच त्याला तिचा सबंध चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्याला एक भला मोठा गाल होता. त्याला इतकी लाज वाटली की काही क्षण त्याला शब्दच फुटेना. त्या शांततेलाही लोक हसले.

"आतापर्यंतचं सगळं तुमचं होतं," तो प्रेक्षकांना म्हणाला. "तुम्हाला पाठ आहे का ते बघत होतो. आता माझं."

मग तो सुटलाच. सत्तावीसच्या सत्तावीस भोपळे त्याने एकामागून एक सांगितले आणि एकही वाया गेला नाही. मजकूर असा चालला होता की कॅमेरावाल्याचा खांदा हलत होता. दाढेच्या मजकुराला चौथ्या रांगेतले काका खुर्चीतून घसरले. बायको दोन्ही हातांनी गाल दाबून हसत होती, हसल्यावर दुखत होतं, दुखल्यावर आणखी हसू येत होतं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. व्यवस्थापक, ज्याला हसण्याबद्दलच ठेवलं होतं, तो हसायचं विसरून नुसता बघत राहिला. चित्रीकरणातली पहिली वीस मिनिटं कापायची ठरली. उरलेला एक तास त्याच्या आयुष्यातला सर्वांत चांगला होता.

सहा वाजता रंगपटात दोघंच होते. विनोदवीर तिच्यासमोर स्टुलावर बसला होता. तीनदा सांगूनही आपण ऐकलं नाही, तिला एकटीला जावं लागलं, याची त्याने सबबी न सांगता माफी मागितली. तिने मान डोलावली आणि वही त्याच्या पुढ्यात ठेवली.

"हे कधीपासून?" ती जपून, एकेक शब्द उच्चारत म्हणाली.

"लग्नापासून. चौदा वह्या आहेत. तुझा ओठ हलला की माझा विनोद पास."

बायकोने डोळे मिटून घेतले. हसू दाबल्यामुळे पुन्हा कळ आली होती.

"अरे, तो दाढेमुळे हलायचा. गरम चहा त्या बाजूला गेला की कळ यायची. अठरा वर्षं. फारच आली की मी कप खाली ठेवायचे."

विनोदवीराची अठरा वर्षं, तुडुंब सभागृहं, मुलाखती, प्रेक्षकांची नाडी, सगळं एका किडक्या दाढेपाशी येऊन थांबलं होतं.

"म्हणजे तुला माझा एकही विनोद कधी आवडला नाही?"

"सगळे आवडायचे. पण घरी तू विनोद सांगत नाहीस, परीक्षेला बसतोस. तुझा तो चेहरा बघून मला कीव यायची. हसू कुठून येणार?"

"मग लोक का हसत होते?"

"तू चांगला आहेस म्हणून," बायको म्हणाली. "दुसरं काय कारण असणार?"

हे वाक्य ऐकायला तो अठरा वर्षं टेबलापुढे उभा राहत आला होता. त्याचे डोळे भरून आले. त्याने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. आता मापाची गरज नाही, आपण आपल्या बळावर उभे आहोत, असं त्याला मनापासून वाटलं आणि तो आनंदाने उठून कपडे बदलायला लागला. शर्टाची तीन बटणं लावून झाल्यावर त्याचा हात थांबला. तो तिच्याकडे वळला आणि शक्य तितक्या सहजपणे त्याने विचारलं,

"उजवीकडची आहे ना गं अजून?"