आपांच्या गाऱ्हाण्यात मुंबई नव्हती

आमच्या नाहूरच्या सोसायटीची लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी मेकॅनिकला फोन लावतात आणि आपा परब चपला काढतात. चपला बाजूला ठेवून, लिफ्टच्या बंद दाराकडे तोंड करून, हात जोडून ते खड्या आवाजात सुरू करतात, "बा देवा म्हाराजा!" मग आजूबाजूला जो कोणी असेल त्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या शहाभाभी म्हणतात. कुरियरवाला म्हणतो. वॉचमन पांडेजी तर तोंडातला तंबाखू थुंकून येऊन म्हणतात. म्हणत नाही तो फक्त मी.

देवाशी माझं भांडण नाही, पण लिफ्टच्या कामात त्याला ओढावं असं मला वाटत नाही. त्यातून चारचौघांत मोठ्याने काही मागायचं म्हटलं की मला घामच फुटतो. आपा माझे सख्खे शेजारी, आमच्या गॅलऱ्यांच्या मध्ये फक्त एक पत्रा. त्यांना माझा स्वभाव पाठ आहे. "जोशीनू, तुमी नुसते उभे रवा," ते म्हणतात. "मोजूक एक माणूस लागता."

कोकणात गावातर्फे देवापुढे उभं राहून असं मागणं मागायची रीत आहे. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. आपांचे वडील गिरणीत कामाला आले तेव्हा ते गाऱ्हाणं मुंबईला आलं, आणि गिरणी गेली तरी ते घरात राहिलं. आपांनी त्यात स्वतःची भर घातली. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात गेली. ऑर्डर मोघम लिहिली की माल भलताच येतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळे त्यांचं गाऱ्हाणं ऐकताना देवाच्या नावाने टेंडर निघाल्यासारखं वाटतं. माप, वजन, मुदत, सगळं त्यात असतं.

एकदाच त्यांच्याकडून कलम राहिलं. "लिफ्ट चालू होवंदे," असं मागून ते चपला पायात सरकवतात न सरकवतात तोच लिफ्ट चालू झाली. आपा विजयी मुद्रेने लिफ्टमध्ये शिरले आणि तिसऱ्या नि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकले. आतून आवाज आला, "माझीच चूक! 'चालू होवंदे' म्हटलंय, 'चालू रवांदे' म्हणूक नाय!" आणि तिथूनच त्यांनी सुधारित गाऱ्हाणं घातलं. आम्ही बाहेर जिन्यात उभे. शहाभाभी दाराला तोंड लावून "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या.

आपांच्या घरात माणसं दोन, आपा आणि त्यांची मुलगी केतकी. ती शाळेत असतानाच तिची आई गेली. तेव्हापासून पोळ्या केतकीच्या आणि मासे आपांचे, अशी वाटणी. ही केतकी बारावीला गेली आणि तिने जाहीर केलं की तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय. माणसांच्या डॉक्टरकीला जागा मिळणार नाही म्हणून नाइलाजाने नाही, पहिल्यापासून हेच. ज्या मुलीने लहानपणी सोसायटीतल्या प्रत्येक मांजरीचे कान तपासले होते, तिच्याकडून दुसरं काय निघणार?

खरा विनोद असा की आपा जनावरांना भयंकर घाबरतात. पहिल्या मजल्यावरच्या डिसोझांचा ब्रूनो हा म्हातारा, दात पडलेला कुत्रा. तो जिन्यात दिसला की आपा भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि डोळे मिटतात. पण केतकीच्या या निवडीबद्दल बाहेरच्या कोणाचा एकही शब्द ऐकून घेत नसत. गावाहून चुलतभावाचा फोन आला, "ढोरांची डॉक्टर? लगीन कोण करतलो तिच्याशी?" तेव्हा आपा फोनवर इतक्या जोरात ओरडले की मला पत्र्याआडून चुलतभाऊ दिसल्यासारखं वाटलं. "माणूस खय दुखता ता तोंडान सांगता! म्हशीन कधी सांगितल्यान? मगे अक्कल खय जास्त लागता, सांग!"

नीटचा निकाल लागला. मार्क बरे पडले होते. वाईट नाही, झकासही नाही, बरे. आणि बऱ्या मार्कांएवढा त्रास दुसऱ्या कशाचा नाही. नापास झालेला निदान झोपतो. केतकी दिवसभर मोबाइलवर मागच्या वर्षीच्या याद्या चाळायची आणि आपा तिच्या चेहऱ्याच्या याद्या चाळायचे. राज्यात अशी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुंबईतलं मिळालं तर घरून डबा घेऊन जाता येईल. बाकीची सगळी लांब.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसरी यादी लागायच्या दिवशी आपांनी खाली तुळशीपाशी रीतसर कार्यक्रम ठेवला. नारळ, विडा, अगरबत्ती. आम्ही सगळे गोल करून उभे. मी अर्थात मोजायला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज माझ्या चेडवाची यादी लागतली आसा. तिका ढोरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात जागा गावांदे. कॉलेज सरकारी आसांदे. हॉस्टेलच्या खोलीक खिडकी आसांदे. सगळ्यांनी एकदम बघूक घेतल्यानी तरी वेबसाइट उघडांदे. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"बाबा, यार, पुरे ना," केतकी म्हणाली. तिने मोबाइलवर अंगठा दाबला. गोल चक्र फिरलं, फिरलं, आणि वेबसाइट उघडली. केतकी किंचाळली. जागा मिळाली होती. उदगीरला.

टाळ्या पडल्या आणि हळूहळू थांबल्या. उदगीर म्हणजे लातूरच्याही पलीकडे. शहाभाभींनी कपाळावर हात मारला. "आपा! तुम्ही मुंबई बोलायचं भूलून गेला!"

सगळ्यांनी आपांकडे पाहिलं. जन्मभर ऑर्डरी लिहिलेला माणूस माल पोचवायचा पत्ताच घालायला विसरला होता. आपा नारळाची शेंडी कुरवाळत म्हणाले, "इसारलंय खरा." मला हसू आवरेना. ती गोष्ट पुढे चार दिवस मी घरी, भाजीवाल्याकडे आणि पेपर टाकणाऱ्यालाही रंगवून सांगितली.

आपांच्या घरात मात्र वाट लागली होती. केतकीने सांगून टाकलं की ती ही जागा घेणार नाही. पत्र्यातून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पुढच्या वर्षी परत देते मी परीक्षा. मुंबईचंच मिळवते."

"आणि नाय गावला तर?"

"तर नाही! तू इथे एकटा काय करणारेस, बाबा? तुला पोळी तरी लाटता येते का?"

"पाव खातलंय."

"रोज?"

"गो, देवान ऑर्डर पुरी केल्यान. आता माल परत करूक जातलंस? पुढच्या खेपेक तो आपल्याक दारात उभो करीत?"

मुदत संपायच्या आत केतकीने प्रवेश घेतला. जायच्या दिवशी तिने ब्रूनोला मिठी मारली, माझ्या पाया पडली, आणि आपांना घेऊन रिक्षात बसली. आपा तिला हॉस्टेलवर सोडून परत आले ते तोंड भरून सांगत, "खिडकी आसा! मोठी आसा!"

त्या संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होतो. पलीकडे आपा उभे होते. मला काही राहवेना. "आपा," मी म्हटलं, "लिफ्टची इतकी कलमं आठवतात तुम्हाला. मग मुंबईच कशी विसरलात हो?"

आपा म्हणाले, "इसरूक नाय, जोशीनू."

"म्हणजे?"

"तिचे मार्क माका ठावक होते. तेवढ्या मार्कात मुंबय गावची नाय. नको ती अट घातल्यार ऑर्डरच रद्द होता." त्यांनी पत्र्यावर हात ठेवला. "आणि कॉलेज तिका होया होता. मुंबय माका होयी होती. गाऱ्हाणा तर तिचा होता ना?"

मी कपडे घेऊन आत आलो. ज्या चुकीवर मी चार दिवस हसलो, ती चूक नव्हतीच. बायकोने चहा पुढे ठेवला तरी मी नुसता बसून राहिलो.

थोड्या वेळाने पत्र्यापलीकडून नेहमीचा आवाज आला, पण खडा नव्हता. हळू होता, कोणी ऐकू नये असा.

"बा देवा म्हाराजा! माझा चेडू परमुलखात गेलेला आसा. थयल्या गायीन तिका लाथ मारता नये. बैलान शिंग लावता नये. मेसमध्ये मासे गावचे नाय, तरी तिना पोटभर जेवांदे."

प्रत्येक मागण्यानंतर ते सवयीने थांबत होते, आणि कोणीच काही म्हणत नव्हतं. थांबून पुन्हा पुढचं मागत होते.

"ब्रूनो हयसर म्हातारो झालो. चेडू डॉक्टर होऊन येयपर्यंत तेका सांभाळ. आणि हयसर... हयसर जो काय..."

एवढ्यावर ते अडले. बैलाच्या शिंगापासून मेसच्या जेवणापर्यंत सगळं मांडणाऱ्या माणसाला स्वतःपुरतं एक कलम सुचेना. मी उठलो. गॅलरीत आलो, घरातल्या सपाता काढल्या आणि हात जोडले.

"व्हय म्हाराजा!"

आवाज मला वाटलं त्यापेक्षा फारच मोठा निघाला. खालच्या गॅलरीतून शहाभाभींनी मान वर काढली. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"जोशीनू," ते म्हणाले, "मी अजून काय मागूकच नाय."

"असू दे," मी म्हटलं. "तुम्ही सावकाश मागा. मी उभा आहे."