विद्यापीठ क्रमांक पाच

गणित कोठेही शिकले तरी दोन आणि दोन चारच होतात. इतिहास मुलखाप्रमाणे बदलतो, भाषा बारा कोसांवर बदलते, वैद्यकी तर गल्लीगणिक बदलते. गणित तेवढे बदलत नाही. म्हणून इतिहास कोठे शिकावा हे ठरवणे सोपे असते आणि गणित कोठे शिकावे हे ठरवणे जवळजवळ अशक्य. निवडायला काही कारणच उरत नाही. अशा वेळी कारणे बाहेरून आणावी लागतात, आणि ती आणण्यात वऱ्हाडाचा हात कोणी धरणार नाही. (त्या काळी आमच्या वऱ्हाडाची मालकी कागदोपत्री निजामाची, कारभार इंग्रजांचा आणि कचेरी नागपूरला होती. अशा मुलखातल्या माणसाला सरळ प्रश्नाचा संशय येतो.)

सन १९३८ च्या जूनमध्ये नांदगाव पेठेच्या शेषरावांची मुलगी शकुन अमरावतीहून बी.एस्सी. झाली. गणितात पहिला वर्ग. शेषरावांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, कडेने झेंडू. शकुनला गणितातच एम.एस्सी. करायचे होते. अर्ज पंधरा जुलैपर्यंत पोचायला हवा होता. ही इच्छा तिने वडिलांना एकदाच सांगितली. शेषराव म्हणाले, "चार लोकाईले विचारा लागते."

चार लोक म्हणजे आमच्याकडे पाच. स्वतः शेषराव, अमरावतीच्या भाजीबाजारातले अडत्ये नत्थुजी (हे अध्यक्ष), अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून असलेले शकुनचे मामा भगवंतराव, बडनेऱ्याला रेल्वेत सांधेवाला असलेला चुलतभाऊ सूर्यभान, आणि शेजारचे शेतकरी उत्तमराव, जे काशीला जाऊन आले होते. शकुनला शाळेत मी विज्ञान शिकवले होते, म्हणून तज्ज्ञ म्हणून मलाही बोलावणे आले. तज्ज्ञाला मत नसते, चहा असतो. शिवाय टिपण ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. पुढील मजकूर त्या टिपणावरूनच घेतला आहे.

पहिल्या बैठकीत चार नावे पुढे आली. सूर्यभानने नागपूर सुचवले, कारण बडनेऱ्याहून गाडी बदलावी लागत नाही. उत्तमरावांनी काशी सुचवली. भगवंतरावांनी पुणे सुचवले, कारण ते तेथे एका लग्नाला तीन दिवस राहिले होते. (पुण्याला विद्यापीठ नाही, हे मी निदर्शनास आणले. ही गोष्ट पुण्याच्या मोठेपणाच्या आड येत नाही, असे भगवंतरावांनी सांगितले.) अलाहाबाद कोणीच सुचवले नाही, पण बाजेला चार पाय असतात म्हणून तेही घेण्यात आले. अमरावतीचे नाव निघाले नाही. घरच्या विहिरीच्या पाण्याला कोणी तीर्थ म्हणत नाही.

चारही ठिकाणांची माहितीपत्रके टपालाने मागवून नत्थुजींच्या तराजूत तोलण्यात आली. काशीचे सर्वांत जड भरले. उत्तमरावांचा चेहरा खुलला, पण नत्थुजी म्हणाले, "पानी मारलं का मेथीबी भारी होते, बाप्पा." हा मुद्दा तेथेच संपला.

त्यानंतर शंभर गुणांची मोजपट्टी तयार झाली. एवढी शास्त्रीय पद्धत मी प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती. गावात नातेवाईक असणे, तीस गुण. गाडी न बदलणे, वीस. पाणी, वीस. ज्वारीची भाकर मिळणे, पंधरा. ताजी भाजी, दहा. गणित, पाच. यावर सूर्यभानने रास्त शंका काढली की गणित सगळीकडे सारखेच असेल तर त्याचे पाच गुण चौघांनाही सारखेच पडणार. मग ते मोजायचे कायले? शंका बिनतोड होती. गणित वगळण्यात आले आणि शंभर भरावेत म्हणून ते पाच गुण लोणच्याला देण्यात आले.

गुण देताना प्रत्येक सभासदाने निःपक्षपातीपणे आपापल्या गावाची बाजू घेतली. नागपूरला शकुनची सख्खी मावशी होती, पण तिच्याशी बारा वर्षे बोलणे नव्हते, म्हणून निम्मे गुण. काशीला नातेवाईक कोणीच नव्हता. परंतु तिथल्या पंड्याच्या वहीत या घराण्याच्या सात पिढ्यांची नावे असल्याचे उत्तमरावांनी सांगितल्यावर पूर्ण तीस गुण. पुण्याचे पाणी भगवंतरावांनी स्वतः तीन दिवस प्यायलेले होते. बेरीज अशी झाली: नागपूर एकसष्ट, काशी एकसष्ट, पुणे एकसष्ट, अलाहाबाद अठरा. (बेरीज मी दोनदा तपासली. सभासदांनी ती आधीच तपासलेली असावी.)

जुलैची एक तारीख उजाडली. उघड मत मागावे तर सोयरिकीत वाकडे येणार. तेव्हा नत्थुजींनी आपला रुमाल खांद्यावरून काढून झटकला.

बाजारात मोठ्या सौद्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. अडत्या आणि गिऱ्हाईक हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटे दाबून बोली लावतात. कोणी किती बोटे दाबली हे अडत्या मरेपर्यंत सांगत नाही. तो फक्त सौदा कितीवर झाला ते जाहीर करतो. येथे एक बोट म्हणजे नागपूर, दोन काशी, तीन पुणे, चार अलाहाबाद असे ठरले. जगातल्या कोणत्याही निवडणुकीपेक्षा ही पद्धत सभ्य आहे, असे माझे मत आहे. (स्त्रियांचा हात रुमालाखाली घेणे बरे दिसत नाही. त्यामुळे शकुनची आई मनकर्णाबाई, शकुन आणि मी अशा तिघींची या कष्टातून सुटका झाली.)

नत्थुजींनी एकेकाचा हात रुमालाखाली घेतला, स्वतःचे मत स्वतःच्याच डाव्या हाताला दिले, थोडा वेळ डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पाचावर सौदा!"

"विद्यापीठं तर चारच आहेत," मी म्हणाले.

"मास्तरीणबाई, बोली ते बोली," नत्थुजी म्हणाले. "सगळ्यात वरची बोली पाचाची आली. आता कमी बोलीवर माल सोडला त उद्या माह्या अडतीवर कोन येईन?"

पाच कोणाचे, हे त्यांनी आजवर सांगितलेले नाही. पण शेषराव मला नंतर म्हणाले की त्यांनी काहीच दाबले नव्हते. फक्त नत्थुजींचा हात घट्ट धरला होता. पोरीचे काय करावे ते सुचत नव्हते म्हणून. धंद्यात मात्र पूर्ण पंजा म्हणजे पाच.

मग विद्यापीठ क्रमांक पाच शोधण्यासाठी पोटसमिती नेमली. तिने अकरा दिवस मनापासून काम केले. कलकत्ता, लाहोर, रंगून आणि विलायत ही नावे तपासली. रंगूनला गाडी जात नाही, असा शोध सूर्यभानने वेळापत्रकातून लावला. तोवर बारा तारीख झाली. अर्ज टपालाने नागपूरला पोचायलाच दोन दिवस लागतात, हे मी टिपणात लिहिले. टिपण कोणी वाचत नसे.

त्या दुपारी बैठक चालू असताना शकुन दाराशी बसून मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "नत्थुकाका, सात वार झाले का आठवा वार कोनता येते?"

"आठवा कुठून येईन? पुन्हा पयलाच."

"मंग चार विद्यापीठं झाले का पाचवं कोनतं?"

नत्थुजींनी बोटांवर मोजले. नागपूर, काशी, पुणे, अलाहाबाद, आणि अंगठा पुन्हा करंगळीवर आला. "नागपूर!"

एवढ्या सोप्या रीतीने मोठी अडचण सुटल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. उत्तमरावांनीसुद्धा काशीला मनातल्या मनात गंगार्पण केले. मी अर्ज पिशवीतून बाहेर काढला.

"थांबा," भगवंतराव म्हणाले. "जे आपल्याले अकरा दिवस सुटलं नाई ते या पोट्टीनं मेथी निवडता निवडता सोडवलं. मंग इले आता शिकाचं राह्यलं काय?"

भरलेल्या रांजणात कोणी पाणी ओतत नाही. धडधाकट माणसाला काढा देत नाहीत. ज्याला गणित येते त्याला ते शिकवणे ही नासाडीच. आणि ज्याला येत नाही? भगवंतरावांचा मुलगा पुंजाराम इंटरला गणितात तीनदा नापास झाला होता. गणिताची गरज त्याच्याइतकी साऱ्या अकोला जिल्ह्यात कोणाला नव्हती. तेव्हा शकुनच्या शिक्षणाचे पैसे आणि पेटी त्याच्या नावे करावी, अशी सूचना आली. एम.एस्सी.च्या आधी इंटर पास व्हावे लागते, हे मी सांगितले. "तेच त सांगून राहिलो ना बाई," भगवंतराव म्हणाले, "त्याले जास्त साल शिका लागीन, म्हनून लवकर धाडा."

नत्थुजींनी मात्र न्याय सोडला नाही. माल पाहिल्याशिवाय ते निकाल देत नसत. दोघांची परीक्षा घ्यायची. जो पक्का निघेल त्याने घरी राहायचे, जो कच्चा निघेल त्याने नागपूरला जायचे. मी पुष्कळ परीक्षा घेतल्या आहेत. पण विद्यार्थ्याच्या गरजेचा इतका थेट विचार करणारी ही एकच.

"औटकी म्हना," नत्थुजी शकुनला म्हणाले. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. हा पाढा आला नाही तर बाजारात माणूस दिवस मावळेपर्यंत टिकत नाही. शकुनने तो सहाव्या वर्षी मोटेच्या धावेवर, बैलांच्या मागे चालत, वडिलांच्या तोंडून पाठ केला होता. "सात औट?"

शकुनने मेथीची एक काडी मोडली. पाने टोपलीत टाकली, देठ बाजूला ठेवले.

"साडेबावीस," ती म्हणाली.

तेथल्या प्रत्येकाने याच पाढ्यावर पोट भरले होते. सूर्यभानचे तोंड उघडले ते तसेच राहिले. आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला, "अवं माय! सासरी असं मोजून देशीन त नाक कापशीन आमचं!"

नत्थुजी शेषरावांकडे वळले. "शेषराव, औटकी तुमीच शिकवली ना इले?"

शेषरावांनी मुलीकडे पाहिले. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिचे हात थांबले होते. मी टाक उचलून धरला होता, आणि त्या टाकावरून शाईचा एक थेंब कागदावर पडला.

"शिकवली होती," शेषराव म्हणाले. "नाई राह्यली तिच्या ध्यानात. पोट्टी कच्चीच हाये, नत्थुजी. धाडा लागीन."

"पुन्हा एकडाव इचारून पाहा ना," भगवंतराव घाईने म्हणाले.

"एकदा तोललेला माल दुसऱ्यांदा तोलत नसतात," नत्थुजी म्हणाले आणि त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला. शेषरावांकडे त्यांनी पाहिले नाही. चाळीस वर्षे हातांवरून माणसे ओळखलेला तो अडत्या होता.

न्याय पुरा व्हावा म्हणून हाच प्रश्न पुंजारामलाही विचारण्यात आला. वडिलांबरोबर आलेला तो परीक्षेचे नाव निघाल्यापासून बाहेर ओट्यावर औटकी घोकत होता. त्याने अचूक उत्तर दिले. आयुष्यातले त्याचे हे गणितातले पहिले यश. भगवंतरावांनी कपाळाला हात लावला आणि पुंजाराम गणितज्ञ म्हणून अकोल्याला परत गेला.

अर्ज मी त्याच संध्याकाळी बडनेऱ्याला नेऊन गाडीच्या डाकडब्यात टाकला. शकुन वीस तारखेला गेली. स्टेशनवर शेषरावांनी तिच्या हातात मेथीची पेंडी दिली, आणि गाडी हलल्यावर ते डब्याबरोबर चालता चालता काहीतरी म्हणत राहिले. मला वाटले, देवाचे नाव असेल. ती औटकी होती. खिडकीतून शकुन पुढचा पुढचा आकडा सांगत होती, आणि फलाट संपेपर्यंत तिचा एकही चुकला नाही. (समिती तेव्हा चहा घेत होती.)

या निकालाचा परिणाम दूरवर झाला. पुढच्या वर्षी अचलपुराकडच्या तीन मुलींनी घरच्यांसमोर पाढे चुकवले. पैकी दोघींना शिकायला पाठवण्यात आले. तिसरी इतकी वाईट चुकली की तिचे लग्न करून टाकावे लागले. किती चुकावे याचे प्रमाण ठरवणे अजून बाकी आहे.

वाचकांपैकी ज्यांनी सात औट मनातल्या मनात करून शकुनची चूक जागच्या जागी पकडली, त्यांचे अभिनंदन; त्यांना आता कोठेही शिकायला जाण्याची गरज नाही. आणि खरे उत्तर मी पुढे कोठेतरी देईन या भरवशावर ज्यांनी येथवर वाचले, त्यांनी मन लहान करू नये. समितीच्या नियमाप्रमाणे त्यांची पात्रता पूर्ण आहे. अर्ज पंधरा जुलैपर्यंत घेतात.