अक्कलदाढ बुजविल्याची हकीकत

॥ श्रीहिरवळ समर्थ ॥

आज्ञा जाहली की, गोल्फ क्लबाच्या शेवटल्या होलापुढील अक्कलदाढ नामे खड्डा कोणी बुजविला, कोणी पुन्हा खणिला आणि फत्ते कोणाची जाहली, ते साद्यंत लिहून ठेवावे. नाहीतर उद्या उपाहारगृहात जो तो आपलीच शेखी मिरवील. त्यावरून ही हकीकत. शके कोणते म्हणाल, तर चौकीवरील कॅलेंडरावर चहा सांडल्याकारणे साल वाचवत नाही. थंडीचे दिवस होते, इतके खरे.

पूर्वी या मैदानाचे आखणीकार होऊन गेले. बहुत थोर पुरुष. छत्री घेऊन माळावर फिरत आणि जेथे छत्री रोवीत तेथे कोठे होल पडे, कोठे टेकाड उभे राही. शेवटल्या होलापुढे येऊन त्यांनी छत्री रोविली, आणि पुरुषभर खड्डा खणवून तळाशी वाळू भरविली, आणि मग यथावकाश वारले. परंतु वारले म्हणून अंमल गेला नाही. हयात अध्यक्षांचा हुकूम क्लबाचा आचारीही मानीत नसे. या मयताचा हुकूम मात्र चेंडू मानीत. अलीकडील सगळी जमीन त्यांनी निशाणाकडे ऐशी कलती ठेविली होती की चेंडू, पावसाचे पाणी, वाऱ्याने उडालेल्या टोप्या, एकदा तर चहाची ढकलगाडी किटलीसकट, जे जे सुटे ते ते अक्कलदाढेत दाखल होई. होलावरील निशाणामागे एक तळे होते. ते केवळ शोभेचे, ऐसा सर्वांचा समज. कारण त्यात आजवर कोणाचा चेंडू पडिला नव्हता.

दंतवैद्यसाहेब हे क्लबाचे नूतन अध्यक्ष आणि सासरचे थोरले जावई. उभी हयात लोकांच्या दाढांतील खड्डे बुजविण्यात गेली आणि हा एक खड्डा मात्र त्यांसी पुरून उरला. दरसाल त्यांचा साडूंशी सामना होई. साडू विम्याचे एजंट. जोखीम इतरांस समजावून सांगावी, आपण घेऊ नये, हा त्यांचा बाणा. ते अक्कलदाढ दिसताच डावीकडून लांबचा वळसा घालून सुखरूप पार होत, आणि दंतवैद्यसाहेब हट्टाने सरळ मारीत, आणि दाढेत पडत, आणि हरत. ज्यांनी दोघा जावयांस हा खेळ शिकविला ते सासरेबुवा चाकांच्या खुर्चीतून पाहात. धाकट्यास म्हणत, “शाबास!” थोरल्यास म्हणत, “पुन्हा तिथेच?” याउपर अक्षर नाही. लग्न जाहल्यापासून थोरल्या जावयाच्या वाट्यास एक शाबास आली नव्हती, आणि सासरेबुवांची प्रकृती अलीकडे ऐशी की पुढील सालचा भरवसा डॉक्टरही देईनात. साहेबांस चांदीचा पेला नको होता. ती एक शाबास हवी होती. जीव तिच्यात अडकला होता.

सबब अध्यक्षपदाची वस्त्रे अंगावर पडताच त्यांनी खासगीत मसलत केली, आणि हुकूम सोडिला की सामन्यापूर्वी अक्कलदाढ बुजवावी. साहेबांचे कुटुंब जे बाईसाहेब, त्यांस वर्दी लागली. त्या बोलल्या, “अहो, खड्डा बुजवून कुठे शाबासकी मिळते का? मान खाली ठेवून मारा, बाबा कधीपासून सांगतायत.” परंतु विनाशकाळ समीप आला असता सल्ला कोण ऐकतो! साहेब खुद्द मोर्चावर उभे राहिले. आतील वाळू उपसोन भटारखान्यामागे टाकिली, आणि मातीवर माती पडिली, आणि रूळ फिरला, आणि वरून हिरवळीचे गालिचे अंथरिले. साहेबांनी वाकून, एक डोळा मिटोन, कडा तपासिल्या, बोट फिरवून पाहिले, आणि जन्माच्या सवयीने मजुरांस फर्माविले की आता दोन तास कोणी काही चावू नये. मजुरांनी हातातील भाकरतुकडा निमूट ठेवून दिला.

सामन्याचा दिवस उगवला. शेवटल्या होलापर्यंत दोन्ही पक्ष बरोबरीत आले. सासरेबुवांची खुर्ची निशाणाशेजारी आणोन ठेविली. समोर पाहतात तो अक्कलदाढ गुल! सपाट हिरवेगार. साडू गडबडले. आजवर ज्यास चुकवावे तेच नाही, तर वळसा कशास घालावा? इतक्या सालांत प्रथमच त्यांच्या मनात लोभ शिरला. म्हणाले, “दादा, आज मीसुद्धा सरळच मारतो.”

साहेबांनी नेम धरिला, सरळ मारिला. चेंडू बुजलेल्या दाढेवर पडिला. शतकाचा रिवाज असा की त्याने तेथेच थांबावे. पण थांबवणार कोण? वाळू नाही, खड्डा नाही, आणि जमीन तर कलती ती कलतीच. चेंडू घरंगळला, आणि निशाणाशेजारून गेला, आणि सासरेबुवांच्या पायांजवळून गेला, आणि शोभेच्या तळ्यात डुबुक जाहला. साडूंनी मारिला, तोही त्याच वाटेने गेला. तेव्हा सर्वांस उमगले की ज्या दाढेस पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या, तीच आजवर सर्वांचे चेंडू पोटाशी धरून राखीत होती. आखणीकारांनी मारावयास नव्हे, तारावयास खड्डा खणिला होता.

उमगले, पण रण सोडवेना. दोन्ही सरदार दंड भरीत, नवा चेंडू काढीत, आणि तळे गिळीत जाई. मातबर बेडूक पाणी सोडून काठावर मुक्कामास आले. सरतेशेवटी दारूगोळा सरत आला. एकेकाजवळ एकेक चेंडू उरला. दंतवैद्यसाहेबांनी तो शेवटला चेंडू मुठीत धरिला. सासरेबुवांकडे पाहावे तर “पुन्हा तिथेच?” इतकेही ते बोलेनात.

मग साहेबांनी टोपी काढिली. म्हणाले, “बाबा, चुकलो. खड्डा मीच बुजवला.”

सासरेबुवांनी हुकूम दिला, “खणा.”

तो हुकूम ऐकताच थोरल्या जावयाने खुद्द फावडे घेतले, धाकट्याने टिकाव घेतला, आचारी झारे आणि पराती घेऊन धावला, कारकून, चौकीदार, वाटेने जाणारा पोस्टमन, ज्यास जे हत्यार मिळाले ते घेऊन तो उतरला. माती ताजी, म्हणोन लवकर निघाली. ती डाव्या अंगास टाकीत गेले. भटारखान्यामागील वाळू आणोन तळाशी पसरिली. बाईसाहेब काठावर उभ्या राहोन म्हणत होत्या, “अजून खोल! पूर्वी तुमचं डोकंसुद्धा दिसायचं नाही.” दिवस कलतेवेळी अक्कलदाढ जैशी होती तैशी उभी केली.

अखेरचे वार. साडूंस अक्कल आली होती. त्यांनी मुकाट डावा वळसा धरिला. परंतु डावीकडे मातीचा डोंगर! चेंडू त्यात नाकापर्यंत रुतला, तो आजही तेथेच असावा. दंतवैद्यसाहेबांनी सरळ मारिला. चेंडू अक्कलदाढेत पडिला, आणि थांबला. साहेब मागोमाग उतरले. वरती केवळ आभाळ, तोंडात वाळू, आणि सामन्यात प्रथमच भय नाही. कारण या वाळूत जितके ते पडले होते तितके दुसरे कोणी पडले नव्हते. जुन्या रोग्याच्या तोंडासारखी तिची खाचनखाच ठाऊक होती. मान खाली ठेविली. मारिला.

पुढे काय जाहले ते खालून दिसेना. मग होलातून, भांड्यात नाणे पडावे तैसा, आवाज आला, आणि त्यामागून थकलेला, पण स्वच्छ, सासरेबुवांचा स्वर आला:

“शाबास!”

साहेबांनी वाळूतूनच विचारिले, “कोणाला, बाबा?” बाईसाहेबांनी हात दिला, म्हणाल्या, “निघा आता वर, पुरे झालं.” त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

येणेप्रमाणे अक्कलदाढेची मोहीम फत्ते जाहली. शाबास जावयास की आखणीकारांस, यावर उपाहारगृहात दोन तट पडले आहेत. सासरेबुवांची नजर त्या समयी खड्ड्यावर होती, हे सर्वांनी पाहिले. आणि खड्ड्यात त्या समयी दंतवैद्यसाहेबांखेरीज दुसरे कोणी नव्हते, हेही दप्तरी रुजू असावे.