महागड्या दुकानातल्या कुसुमताई

आमच्या कुसुमताई भोपाळमधल्या सगळ्यात महागड्या मॉलमध्ये जातात, दुकानातल्या मुलीला गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसवतात आणि स्वतः उभ्या राहतात. कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पण मी स्वतः तिथे होते.

कुसुमताई खापर्डे भोपाळच्या कोटरा भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळच्या नागपूरच्या, सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती लेक अनघा सिंगापूरला 'मोठ्या कंपनीत'. बाई इतक्या चिकट, की टी. टी. नगरच्या बाजारात मेथी घेतली की फुकटची कोथिंबीर मिळेपर्यंत हलत नाहीत. आणि ही बाई दर शनिवारी सिल्कची साडी नेसून मॉलला जाते!

"काय घेता हो तिथे?" मी विचारलं.

"घ्यायला कोण जातं? बघायला जायचं नं! पर्स काय पळून जाते का?"

'पळून जाते का' हे त्यांचं पालुपद. रिक्षा, गॅस सिलिंडर, शेजाऱ्यांचे जावई, सगळ्यांना तेच.

एका शनिवारी मीही सोबत गेले. पर्सच्या दुकानात ताई बँकेत शिरावं तशा शिरल्या. मी एका पर्सची किंमत वाचली आणि चिठ्ठी घाईघाईने आत कोंबली, जणू माझ्याच हातून काही फुटलं होतं. तेवढ्यात काळ्या कोटातली एक मुलगी हसत आली.

"बेटा, पहले तू बैठ," ताई म्हणाल्या.

"मॅडम, अलाउड नहीं है।"

"मेरे लिए बैठ. पर्स गोद में कैसी दिखती है, वो देखना है मेरे को."

मुलगी घाबरत बसली. ताईंनी तिच्या मांडीवर एक पर्स ठेवली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. मुलीने हळूच सँडलमधून टाच बाहेर काढली. ताई मात्र मान वाकडी करून पर्सच न्याहाळत होत्या. मला कुठे तोंड लपवावं कळेना.

तेवढ्यात मॅनेजर आला. ताईंशी गोड बोलला, पण मुलीकडे असं पाहिलं की ती ताडकन उभी राहिली. "नेहा, बाद में केबिन में आना."

ताईंचा चेहरा उतरला. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "ये वाली पॅक करो. लडकी ने बहोत अच्छे से दिखाया."

मी त्यांचा दंड धरला. "ताई! अहो, काय करताय?"

त्यांनी माझा हात सोडवला आणि कार्ड पुढे केलं. मॅनेजर एकदम नेहाचं कौतुक करू लागला.

रिक्षात मी त्या पर्सची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. घरी आल्यावर मात्र राहवलं नाही. "कुसुमताई, तुम्ही ठीक आहात ना?"

त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"शोभा, अनघा कंपनीत नाही गं. तिथल्या एका महागड्या रस्त्यावर अशाच दुकानात पर्स विकते. मागच्या वर्षी गेले होते ना मी, तेव्हा पाहिलं. मला म्हणाली होती, दुकानावर येऊ नकोस. पण मी गेलेच. काचेतून बघत राहिले. दिवसभर उभी गं पोर. घरी साधी पोळी लाटायची तरी स्टूल ओढून घ्यायची."

"मग भेटलात?"

"आत गेले. साहेब शेजारीच उभा होता. अनघानं मला पाहिलं, हसली आणि इंग्रजीत विचारलं, 'मॅडम, काय दाखवू?'"

आधण उकळून वर आलं. ताईंनी गॅस बारीक केला.

"मी म्हटलं, काही नको. आणि बाहेर आले."