पुढे पळणारं घड्याळ

"घड्याळाला किल्ली नाही, शिस्त लागते. ती अंगातच असावी लागते," असं धाकट्यांनी थोरल्या भावाला छातीठोकपणे सांगितलं आणि त्याच्या घरी सतत पुढे पळणारं वडिलांचं लंबकाचं घड्याळ उचलून आणलं. दादाने अट घातली, "पुढच्या खेपेला येईन तेव्हा बघेन. बाबांच्या घड्याळाचे हाल दिसले, तर परत नेईन."

वडिलांची म्हणावी अशी दुसरी वस्तू धाकट्यांकडे नव्हती. घड्याळ गेलं तर भिंतीवर नुसता खिळा उरणार.

किल्ली ते दर रविवारी द्यायचे. तरी घड्याळ इथेही पुढे पळायचं. यावरचा उपाय त्यांना पाठ होता. लंबकाच्या तबकडीखाली छोटा नट असतो. तो सैल केला की तबकडी खाली सरकते आणि घड्याळ हळू चालतं. रोज सकाळी ऑफिसला निघताना धाकटे नट सैल करायचे. रोज संध्याकाळी थकूनभागून यावं, तर घड्याळ आपलं पुढेच.

मग त्यांनी भिंतीवर संशय घेतला. घड्याळ हॉलमधून जिन्यात गेलं, जिन्यातून परत हॉलमध्ये आलं. भिंतीची पार चाळण झाली. शेवटी ते घड्याळजीकडे नेलं. त्याने ते आठवडाभर दुकानात टांगलं आणि परत देताना म्हणाला, "साहेब, माझ्याकडे काट्यावर काटा चाललं. तुमच्याच घरात काहीतरी आहे."

"घरात मी आणि ही," धाकटे वैतागून म्हणाले.

"बघा मग," घड्याळजी म्हणाला.

पण ते कुठले बघतात? त्यांनी हवेला दोष दिला.

दादा आला तेव्हा घड्याळ चांगलं अर्धा तास पुढे होतं. त्याने मनगटावर पाहिलं, भिंतीवर पाहिलं आणि पिशवी उघडली.

"थांब दादा. मी रोज नट सैल करतो रे. आणखी काय करू?" धाकट्यांचा आवाज रडवेला झाला.

"अगंबाई, तुम्ही करता होय सैल?" बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मी दुपारी पुसायला घेते तर रोज ढिला. म्हटलं, पडेल एखाद्या दिवशी. म्हणून रोज घट्ट आवळून ठेवते."

धाकट्यांनी कपाळावर हात मारला. दादा मात्र हसला नाही. त्याने घरी फोन लावला. "काय गं, आपल्याकडे घड्याळ होतं तेव्हा त्याचा खालचा नट तू आवळायचीस का?"

वहिनीचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू आला. "मग? आवळायला नको? सासूबाईंनीच शिकवलं होतं. म्हणायच्या, मेला रोज सैल होतो."

दादाने फोन खाली ठेवला.

"बाबा जन्मभर हवेलाच दोष देत गेले," दादा म्हणाला. पिशवीची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली. "राहू दे तुझ्याकडेच. फक्त यापुढे घड्याळाला हिने हात लावायचा नाही."

"नाही लावत," बायको म्हणाली. "मग पुसणार कोण?"

दादाने सांधेदुखीचं कारण काढलं, धाकट्यांना ऑफिसची कामं आठवली.

घड्याळ अजून तिथेच आहे. फडकं बायकोच्याच हातात राहिलं, आणि फडक्यासोबत नटही. अर्धा तास पुढे, पण चकचकीत.