वाटीभर मिरच्या, पावशेर

सासरे येणार असल्याचा निरोप चांदूर बाजारहून आला आणि मी ठरवलं, की स्वयंपाक आपणच करायचा. एवढंच ठरवलं होतं हो! पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि इकडे अकोल्यात कापसाला सोन्याचे दिवस आले. मी देवीदास, कापसाच्या बाजारातला तोलार. गाड्यांवर गाड्या येत, मी तोलत असे. बायको सत्यवती बाळंतपणाला माहेरी गेली, ती बाळ बसायला लागलं तरी परत येईना. येईना कसली, सासरे भगवंतराव तिला धाडीनात. "जवाई दिवसभर बाजारात राह्यते. पोरगी लेकरू सांभाळन का घर?" असं त्यांचं म्हणणं. (घरात जळमटं होती, हे खरं आहे.) आता ते स्वतःच पाहायला येणार होते. जेवण बिघडलं, की बायकोही गेली आणि बाळही गेलं!

मी शेजारच्या तानुबाईला गाठलं.

"वरनाले वाटीभर डाळ," ती म्हणाली, "अन् वांग्याच्या भाजीले वाटीभर वाळल्या मिरच्या, कुटून."

"मंग तुमची वाटी द्या."

"मापाची वाटी घराबाहेर देत नाई बापा. लक्ष्मी जाते."

"मीठ तरी देता?"

"सांज नाई झाली म्हनून देतो." तिनं वाटीभर मीठ पानावर ओतून दिलं.

आमच्या घरात वाटी सापडेना, पण तराजू होता आणि तोलाराचं डोकं होतं. मीठ तोललं, ते बरोबर पावशेर भरलं. वाटी म्हणजे पावशेर! इतकं सोपं असताना बायका मापं कशाला बाळगतात, कोण जाणे.

डाळ पावशेर घेतली. मग मिरच्या. पारडं भरलं, मिरच्या खाली सांडल्या, तरी दांडी हलायचं नाव घेईना. घरातल्या संपल्या, म्हणून बाजारातून आणल्या. शंका आली नाही असं नाही. पण तोलारानं वजनावरच शंका घ्यायची म्हणजे कमालच! मी कुटायला बसलो. भिंतीपलीकडून तानुबाई शिंकत ओरडली, "देवीदास, काय जाळून राह्यला?"

"भाजी करून राह्यलो!" मीही शिंकत सांगितलं.

भगवंतराव जेवायला बसले. पहिल्याच घासाला त्यांचे डोळे भरून आले. लेकीच्या घरी जेवताना बापाचं मन भरून येणारच, असं वाटून मलाही गहिवरून आलं. मग त्यांनी स्वतःचा तांब्या संपवला, माझा संपवला आणि घागर जवळ ओढली.

"जवाईबापू, मिरच्या किती टाकल्या?"

"वाटीभर. म्हंजे पावशेर."

"हे कोनी सांगतलं?"

"वाटीभर मीठ पावशेर भरलं. मंग वाटी पावशेराचीच नाई का?"

त्यांनी घागरीतून आणखी एक तांब्या भरून घेतला. (जीभ विझेना.) मग म्हणाले, "तुमी कापूस तोलता ना? वाटीभर कापूस पावशेर भरते का?"

मी कपाळावर हात मारला. आयुष्य कापूस तोलण्यात गेलं आणि हे सुचलं नाही. गेली बायको, असं वाटून खरंच रडू आलं. मिरचीच्या नावावर ते खपून गेलं.

"सत्यवतीले परवा पाठवतो," भगवंतराव नाक पुसत म्हणाले.

मी ताठ बसलो. "म्हंजे घर पटलं तुमाले?"

"घर नाई पटलं. तिच्याबिगर तुमी जगत नाई, हे पटलं."

मिरच्यांची हकीकत वडिलांकडून ऐकूनच सत्यवती आली. मी बाळाला मांडीवर घेतलं. चांगलं गुबगुबीत झालं होतं. कौतुकानं विचारलं, "किती शेराचं झालं वं हे?"

तिनं बाळ माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.

"सांगत नाई," ती म्हणाली. "तुमी तितक्याच मिरच्या आनसान."